बाबासाहेबांची अंत्ययात्रा टिपणारे नामदेव व्हटकर

दर ६ डिसेंबरला तलासरी-डहाणूतल्या आपल्या वस्त्यांमध्ये बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेची चित्रफीत मोबाईलवर फिरते. ती टिपणाऱ्या नामदेव व्हटकरांचं नाव मात्र अनेक तरुणांना ठाऊक नसतं.

१९२१ साली सातारा जिल्ह्यातील मसूरला, अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबात ते जन्मले. पुढे लेखक आणि चित्रपट दिग्दर्शक झाले. १९५६ मध्ये दिल्लीत बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं आणि पार्थिव विमानाने मुंबईत आणलं गेलं. हा प्रसंग जपलाच पाहिजे, हे व्हटकरांनी ओळखलं. स्वतःची मालमत्ता गहाण टाकून त्यांनी चित्रीकरणाचा खर्च उभा केला. ७ डिसेंबरला राजगृहापासून दादर चौपाटीकडे निघालेला जनसागर त्यांनी टिपला. ते बाहेरून आलेले बातमीदार नव्हते, त्याच गर्दीतले शोकाकुल अनुयायी होते. 'कथा माझ्या जन्माची' हे आत्मकथन मागे ठेवून १९८२ साली ते गेले.

आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. पण आपले मोर्चे, धम्म परिषदा, म्हाताऱ्या कार्यकर्त्यांच्या आठवणी आपण किती जपतो? स्टेटसवरचा व्हिडिओ २४ तासांत जातो. चित्रण करा, त्यावर गाव, तारीख, नावं लिहा आणि विहारात एक प्रत ठेवा. आपला इतिहास आपणच जपायचा आहे.

जय भीम!