परतीच्या वाटा आणि डॉ. कोटणीस

डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव ऐकलेले नाही, असा मराठी वाचक विरळाच. मात्र ही ओळख बव्हंशी चित्रपटाच्या कृपेची आहे. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांची कथा पडद्यावर आणली, कोटणिसांची भूमिका स्वतःच वठवली, आणि तेव्हापासून मूळ माणूस त्या पडद्याआड काहीसा दडूनच राहिला. ९ डिसेंबर ही त्यांची पुण्यतिथी. त्या निमित्ताने पडदा थोडा बाजूला सारून त्या बत्तीस वर्षांच्या आयुष्याकडे पाहावेसे वाटते. स्वदेशी परतण्याची वाट त्या आयुष्यात एकदा सोडून अनेकदा मोकळी झाली होती, आणि प्रत्येक वेळी कोटणिसांनी तिच्याकडे पाठ फिरवली होती.

१० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात त्यांचा जन्म झाला. घर मध्यमवर्गीय, भावंडे पुष्कळ. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. अशा घरातील मुलगा डॉक्टर होतो तेव्हा त्याच्या पदवीवर साऱ्या कुटुंबाच्या आशा टांगलेल्या असतात, हे आपल्याकडे कोणास निराळे सांगावयास नको. पुढे जे घडले त्याचे मोल कळण्यासाठी ही गोष्ट ध्यानी ठेवलेली बरी.

१९३७ साली जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सैन्यापाशी शौर्य होते. डॉक्टर मात्र मोजकेच होते. सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्याची मागणी केली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले, सुमारे बावीस हजार रुपयांचा निधी जमला आणि एका रुग्णवाहिकेची सोय झाली. परक्यांच्या टाचेखाली असलेल्या एका देशाने आक्रमणाखाली सापडलेल्या दुसऱ्या देशासाठी वर्गणी काढावी, यातील अर्थ १९६१ पर्यंत परदास्य भोगलेल्या गोमंतकीयास फोड करून सांगण्याचे कारण नाही.

पथकात पाच डॉक्टर होते. स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची सेवा करून आलेले अलाहाबादचे डॉ. अटल हे प्रमुख. नागपूरचे डॉ. चोळकर वयाने ज्येष्ठ. कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, आणि पाचवे कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून त्यांची बोट सुटली. कँटनच्या धक्क्यावर सन यत्-सेन यांच्या पत्नी त्यांच्या स्वागतास हजर होत्या. पुढल्याच महिन्यात कँटनही पडले आणि हांकौही पडले. पथक मागे सरत सरत चुंगकिंगला पोहोचले. तेथे असताना वडील निवर्तल्याची बातमी कोटणिसांच्या हाती आली.

येथे पहिली वाट मोकळी झाली होती. अशा वेळी घरी परतणाऱ्यास कोणीही दोष दिला नसता. न परतणाऱ्यास मात्र आपल्या समाजात दोष देणारे पुष्कळ निघतात. कोटणीस परतले नाहीत. हा निर्णय सोपा होता असे भासवणे त्यांच्यावरही अन्याय ठरेल आणि सोलापूरच्या त्या घरावरही. त्या त्यागाचा एक वाटा त्या घराने उचलला होता, आणि त्याची नोंद कोणत्याच स्मारकावर होत नसते.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. डोंगरात कोरलेल्या गुहांमधून तेथे लोक राहत, रुग्णालयेही गुहांतच. या भारतीय डॉक्टरांनी आपल्या नावांना ‘हुआ’, म्हणजे चीन, हे अक्षर जोडून घेतले, आणि कोटणीस ‘के दिहुआ’ झाले. यथावकाश चोळकर परतले, मुखर्जी परतले, प्रकृती ढासळलेले अटलही परतले. बसू आणि कोटणीस शत्रूच्या फळीमागील उत्तर चीनच्या प्रदेशात गेले. बसू पुढे येनानला माघारी आले, कोटणीस तेथेच राहिले.

त्या प्रदेशात नुकतीच एक जागा रिकामी झाली होती. कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन १२ नोव्हेंबर १९३९ रोजी वारले होते. जानेवारी १९४१ मध्ये त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची सूत्रे कोटणिसांकडे आली. रुग्णालय हा शब्द ऐकून इमारत डोळ्यांपुढे आणू नये. खेड्यातील घरे हीच तेथली दालने. शत्रू जवळ आला की रुग्ण, हत्यारे, औषधे सारे उचलून डोंगरात शिरावयाचे. १९४० च्या मोठ्या चढाईत तेरा दिवसांत आठशेवर जखमी त्यांच्याकडे आले आणि सलग तीन दिवस-रात्र ते शस्त्रक्रियेच्या मेजापासून हलले नाहीत. आमच्या मते मात्र याहून मोठे काम ते शांतपणे करीत होते. ते चिनी भाषा शिकले, त्या भाषेत विद्यार्थ्यांना शल्यशास्त्र शिकवू लागले, आणि त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तक लिहावयास बसले. पाहुणा म्हणून आलेला माणूस दुसऱ्याच्या भाषेत पाठ्यपुस्तक लिहीत नसतो.

परिचारिकांना शिकवणाऱ्या गुओ छिंगलान यांच्याशी १९४१ साली त्यांचा विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. सेनापती न्ये रोंगचेन यांच्या सूचनेवरून त्याचे नाव यिनहुआ ठेवले. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. त्याच महिन्यात इकडे ‘चले जाव’चा वणवा पेटला होता आणि ज्या नेहरूंनी हे पथक पाठवण्यात पुढाकार घेतला ते अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवान होते. पथकासाठी निधी उभारणारे सुभाषबाबू तर देशाबाहेर होते, आणि पुढल्याच वर्षी ते जपानच्या साहाय्याने स्वातंत्र्याचा मार्ग शोधणार होते. इतिहास माणसांना कोणत्या वळणांवर आणून सोडतो याचा हा एक विलक्षण मासला आहे. त्यात कोणाच्या देशभक्तीचे माप काढण्याचा खटाटोप आम्ही करणार नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडील गौरवलेखांत सहसा गाळली जाते. कोटणीस आठव्या मार्गसेनेत दाखल झाले होते आणि १९४२ साली ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यही झाले. कोणाला हे खटकेल, कोणी त्याचाच झेंडा करील. करुणेने गेलेला डॉक्टर तेथे निष्ठेने गुंतला, एवढे खरे. जखमेवर टाके घालणारा हात तटस्थच असावा, ही अपेक्षा दूर बसून करणे सोपे असते.

दरम्यान त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. दुसरीकडे जाऊन उपचार घ्यावेत असे वरिष्ठांनी सुचवले. ही शेवटची वाट. आपल्या दुखण्याचा अर्थ डॉक्टराला न कळण्याचा प्रश्नच नव्हता, तरी ते कामावरच राहिले. ९ डिसेंबर १९४२ रोजी हबेई प्रांतातील तांग जिल्ह्यात झटक्यांतच त्यांचे निधन झाले. मूल तेव्हा साडेतीन महिन्यांचे होते, आणि पाठ्यपुस्तक अपुरे.

पुढे त्यांच्या अस्थी शिच्याच्वांग येथील हुतात्म्यांच्या दफनभूमीत नेण्यात आल्या. बेथ्यून यांची समाधीही त्याच आवारात आहे. १९६२ चे युद्ध झाले, दोन्ही देशांत कटुता आली. तरी त्यानंतरही चीनचे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबीयांची भेट घेत. १९८२ साली चीनने आणि १९९३ साली भारताने त्यांचे टपाल तिकीट काढले. सोलापूरच्या त्यांच्या जन्मघरी आज स्मारक आहे.

यिनहुआ वैद्यकाचे शिक्षण घेत होता. १९६७ साली, वयाची पंचविशी गाठण्याच्या सुमारास तोही गेला. गुओ छिंगलान त्यानंतर पंचेचाळीस वर्षे जगल्या. भारतात त्या अनेकदा आल्या, सासरच्या माणसांत राहून गेल्या, आणि २०१२ साली चीनमध्ये त्यांनी देह ठेवला.