देवगिरीचा पहिला स्वामी भिल्लम

चौसाळा : धुळ्याहून सोलापूरकडे जाणारा महामार्ग देवगिरीच्या परिसरातून बीड ओलांडून चौसाळ्यास येतो आणि पुढे भीमेच्या खोऱ्याकडे वळतो. सुमारे सव्वाआठशे वर्षांपूर्वी हा सारा टापू एका राजाच्या महत्त्वाकांक्षेने ढवळून निघाला होता. यादव घराण्याचा पाचवा भिल्लम हा तो राजा. मांडलिकाच्या कुळात जन्मून त्याने स्वतंत्र राज्य उभारले. मात्र ते उपभोगण्यास त्याला जेमतेम चार-पाच वर्षे लाभली.

यादव स्वतःला श्रीकृष्णाच्या यदुकुळातील म्हणवीत. हेमाद्री पंडिताने तेराव्या शतकात त्यांची वंशावळ नोंदवून ठेवली. तीनुसार घराण्याचा ज्ञात मूळ पुरुष दृढप्रहार. नाशिक परिसरातील चंद्रादित्यपूर, म्हणजे आजचे चांदवड, हे त्याचे ठाणे मानले जाते. त्याचा पुत्र सेउणचंद्र याच्या नावावरून या प्रदेशास सेउणदेश म्हणू लागले. पुढे सिन्नर हे या घराण्याचे केंद्र झाले. राष्ट्रकूटांचे आणि त्यानंतर कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक म्हणून या कुळाच्या अनेक पिढ्या गेल्या.

भिल्लम हा कर्णाचा पुत्र. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात यादव कुळात गादीसाठी ओढाताण सुरू होती. बल्लाळानंतर राज्य त्याच्या मुलांकडे न जाता त्यांचा काका भिल्लम याच्याकडे आले, असे हेमाद्री सांगतो. हा काळ सुमारे ११७५ चा. वारसाहक्काने नव्हे, तर कर्तृत्वाच्या बळावर मिळालेली ही गादी होती.

त्या वेळी चालुक्यांची सत्ता खिळखिळी झाली होती. कलचुरी बिज्जलाने त्यांचे सिंहासन बळकावले होते. चौथ्या सोमेश्वराने ते परत मिळवले, तरी जुने बळ उरले नव्हते. भिल्लमाने ही संधी साधली. मंगळवेढ्याच्या अधिपतीचा पाडाव करून सुमारे ११८७ मध्ये त्याने कल्याणी घेतली आणि सार्वभौमत्व पुकारले. देवगिरीच्या स्थापनेचे श्रेय परंपरेने त्यालाच दिले जाते. पंढरपूरच्या शके ११११, म्हणजे इ. स. ११८९ च्या शिलालेखात त्याचा चक्रवर्ती यादव असा उल्लेख आढळतो.

परंतु चालुक्यांच्या वारशावर द्वारसमुद्राच्या होयसळ बल्लाळाचाही डोळा होता. तुंगभद्रा-कृष्णेच्या दुआबासाठी दोघांचा संघर्ष अटळ ठरला. जून ११९१ मध्ये भिल्लमाने गदगच्या त्रिकुटेश्वर मंदिरास दान दिल्याचा लेख आहे. म्हणजे तोवर गदग त्याच्या ताब्यात होते. त्याच सुमारास गदगजवळील सोरटूरच्या रणांगणावर यादव सैन्याचा दारुण पराभव झाला. लक्कुंडीचा किल्लाही गेला आणि थोड्याच काळात भिल्लमाची कारकीर्द संपली. उत्तरेत ११९१ आणि ११९२ मध्ये तराईच्या लढाया होत असताना दख्खनचे दोन प्रबळ राजे असे परस्परांशी झुंजत होते.

दक्षिणेतील प्रदेश गेला, पण देवगिरी राहिली. भिल्लमाचा पुत्र जैतुगी याने राज्य सावरले, तर नातू सिंघणाने गमावलेला मुलूख जिंकून होयसळांना मागे रेटले. सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याची आणि त्याच्या कुटुंबाची स्मृती बीड जिल्ह्यातच, अंबाजोगाईच्या शिलालेखांत आणि मंदिरांत टिकून आहे.

याच घराण्यातील रामचंद्राच्या राजवटीत १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली आणि १३१७ च्या सुमारास यादवांचे राज्य लयास गेले. भिल्लमाचे साम्राज्याचे स्वप्न सोरटूरला भंगले खरे, पण त्याने निवडलेल्या राजधानीच्या आश्रयाने मराठी भाषेला राजदरबारात आणि शिलालेखांत स्थान मिळत गेले. या पराभूत राजाचे मोठेपण त्याच्या विजयांपेक्षा या वारशात अधिक आहे.