निशादीप्त मेघांचे अभ्यासक

१८८३ च्या ऑगस्ट महिन्यात जावा व सुमात्रा या बेटांच्या दरम्यान असलेल्या क्राकाटोआ ज्वालामुखीचा भीषण स्फोट झाला. त्याची धूळ वातावरणात फार उंच गेली आणि पुढे कित्येक महिने दूरदूरच्या देशांतही सायंकाळचे आकाश विलक्षण लाल दिसू लागले. साहजिकच लोक आकाशाचे अधिक बारकाईने निरीक्षण करू लागले. १८८५ च्या उन्हाळ्यात युरोपातील काही निरीक्षकांना एक नवल दिसले. सूर्यास्त होऊन बराच वेळ लोटला असताही उत्तर क्षितिजाजवळ रुपेरी, निळसर ढग झळकत होते!

बर्लिनचे ज्योतिर्विद ऑटो येसे यांनीही ते पाहिले. १८३८ साली जन्मलेल्या येसे यांनी तेव्हा वयाची पंचेचाळिशी ओलांडली होती. परंतु त्यांचे कुतूहल तरुण होते. 'रात्री चमकणारे ढग' हे नाव त्यांनीच दिले. जमिनीवर अंधार पसरला तरी फार उंचावर सूर्यकिरण पोचतात. तेव्हा हे ढग अतिशय उंच असले पाहिजेत, हे उघड होते. पण किती उंच?

हे ढग क्राकाटोआच्या स्फोटातून उद्भवले, असा अनेकांचा तर्क होता. तो खरा असेल, तर ते लवकरच नाहीसे होणार! विलंब करून चालणार नव्हते. येसे यांनी १८८७ साली त्यांची छायाचित्रे घेतली. पुढे दूरदूरच्या ठिकाणांहून एकाच क्षणी छायाचित्रे घेण्याची योजना आखली. डोळ्यांसमोर बोट धरून एकेक डोळा मिटला, तर बोट बाजूला सरकल्यासारखे भासते. ढगांचे असेच सरकणे मोजून त्यांनी उंची काढली. ती भरली सुमारे ८२ किलोमीटर, म्हणजे एव्हरेस्ट शिखराच्या नऊपट!

१९०१ साली येसे निवर्तले. ढग मात्र नाहीसे झाले नाहीत. उत्तरेकडील देशांत ते आजही उन्हाळ्यात दिसतात. ते बर्फाच्या अतिसूक्ष्म कणांचे असतात, हेही आता सिद्ध झाले आहे. उगमाविषयीचा तर्क अपुरा ठरला. परंतु येसे यांनी काढलेली उंची पुढील शास्त्रज्ञांच्या मोजमापांतही खरी ठरली. तर्क बदलतात, प्रामाणिकपणे केलेले मोजमाप टिकून राहते.