देवघरातल्या लक्ष्मीचा पत्ता : मळवली

लोहगडाच्या ट्रेकला गेला असाल, तर मळवली स्टेशन तुम्हाला नक्की माहीत असणार. चामटोलीहून बदलापूर गाठायचं, कर्जत लोकल पकडायची, कर्जतहून घाट चढून लोणावळा आणि तिथून पुणे लोकलने पुढचंच स्टेशन. उतरलं की चहा मारायचा आणि गडाच्या दिशेने चालू पडायचं. पण याच मळवलीत एकेकाळी एक मोठा छापखाना होता. तुमच्या आजीच्या देवघरात कमळावर उभी, शेजारी हत्ती असलेली लक्ष्मी असेल, तर तिचं माहेर तिथे आहे. आणि तो छापखाना काढणाऱ्या माणसाला त्याच्यापायी कर्जात बुडावं लागलं होतं.

तो माणूस म्हणजे राजा रविवर्मा. नावात राजा असला तरी त्यांच्याकडे राज्य नव्हतं. २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोरमधल्या किळिमानूरच्या सरदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. आर्ट स्कूल वगैरे काही नाही. सुरुवातीचे धडे मामांकडून मिळाले. पुढे त्रावणकोरच्या दरबारात थिओडोर जेन्सन नावाचा परदेशी चित्रकार आला. त्याने शिकवायची तयारी दाखवली नाही, फक्त काम करताना बघू दिलं. तैलरंग कसे लावतात, हे रविवर्मा बघूनबघून शिकले. आज आपण व्हिडिओ बघून गिटार शिकतो ना, साधारण तसंच. फरक इतकाच की त्यांना मागे जाऊन पुन्हा बघायची सोय नव्हती.

१८७३ मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्राला बक्षीस मिळालं आणि नाव झालं. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांच्याकडून पुराणांतल्या प्रसंगांची १४ चित्रं करून घेतली. त्याआधी रविवर्मा आणि त्यांचे धाकटे भाऊ राजराज वर्मा देशभर हिंडले. दमयंती, सीता, शकुंतला यांनी नेमकं काय नेसायचं, हा प्रश्न होता. उत्तर सापडलं साडीत. आज देवी म्हटलं की डोळ्यांसमोर साडी नेसलेली, घरातल्या बाईसारखी दिसणारी देवी येते, त्यात या भटकंतीचा मोठा वाटा आहे.

पण चित्रं राहायची राजवाड्यांत. एक तैलचित्र करायला किती वेळ लागणार आणि किती लोक ते विकत घेणार? सर टी. माधवराव यांनी त्यांना एक उपाय सुचवला होता. हे माधवराव तंजावरच्या मराठी घराण्यातले, आधी त्रावणकोरचे आणि नंतर बडोद्याचे दिवाण. मागणी इतकी आहे की दोन हातांनी पुरी होणार नाही, तेव्हा निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती छापून घ्या, असा त्यांचा सल्ला होता. रविवर्म्यांनी पुढे जे केलं, ते जास्त धाडसाचं होतं. त्यांनी छापखानाच इथे आणला.

१८९४ मध्ये मुंबईत गिरगावात तो सुरू झाला. यंत्रं जर्मनीहून आली, कारागीरही तिथलेच. पहिलं चित्र छापलं ते शकुंतलेच्या जन्माचं. तुम्ही ‘प्रिंट’वर क्लिक करता आणि कागद बाहेर येतो, तेव्हा असं नव्हतं. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने चित्र उलटं काढायचं. दगड ओला केला की पाणी मोकळ्या जागेवर राहतं आणि शाई फक्त तेलकट रेषांना चिकटते. मग वरून कागद दाबायचा. हे झालं एका रंगाचं. प्रत्येक रंगाला वेगळा दगड आणि तोच कागद पुन्हा पुन्हा अगदी त्याच जागी. केसभर सरकला तरी ओठांचा रंग गालावर. शेवटी वार्निश, म्हणजे कागद तैलचित्रासारखा चमकणार.

धंद्याची गणितं मात्र जमली नाहीत. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९९ मध्ये छापखाना मळवलीला हलवला. भागीदारी मोडली, कर्ज वाढलं. शेवटी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच रविवर्म्यांनी छापखाना आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशरला, विकून टाकला. त्याने पुढे कॅलेंडरं, लेबलं, जाहिराती छापून तो चालवून दाखवला. आपल्या सिनेमाचे दादासाहेब फाळके यांनीही या छापखान्यासाठी काम केलं होतं. १९०५ मध्ये भाऊ गेला आणि २ ऑक्टोबर १९०६ रोजी किळिमानूरला रविवर्माही गेले.

नंतर टीकाकारांनी त्यांना कॅलेंडरवाला चित्रकार ठरवलं. पाश्चात्त्यांची नक्कल, देवांचा बाजार, असं बरंच काही. त्यात थोडं तथ्य असेलही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्यांच्याच त्रावणकोरमधली देवळं सगळ्या जातींना उघडली ती १९३६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर ३० वर्षांनी. नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी १९३० मध्ये सत्याग्रह करावा लागला. ज्या काळात कित्येकांना देवळाची पायरी चढता येत नव्हती, त्या काळात देवाचा चेहरा कागदावर छापून बाजारात आला होता. विकत घेताना जात सांगावी लागत नव्हती. तोट्यातल्या छापखान्याची ही कमाई कुठल्याच हिशेबाच्या वहीत दिसत नाही.

१९७२ मध्ये मळवलीचा छापखाना आगीत जळाला. चित्रं मात्र आज तुमच्या मोबाइलवर फुकट मिळतात. आपल्या कायद्याप्रमाणे कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो आणि ती मुदत कधीच संपली. तेव्हा हॉस्टेलच्या किंवा चामटोलीतल्या घराच्या रिकाम्या भिंतीसाठी खुशाल एक चित्र उतरवून घ्या. फक्त फाइल मोठी बघून घ्या. ए-४ कागदावर नीट छपाई हवी, तर साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर फिरून आलेली फाइल फाटकीच दिसणार. झेरॉक्सच्या पातळ कागदाऐवजी जाड मॅट कागद घ्या. चारही बाजूंना पांढरी पट्टी सोडा. काच थेट चित्राला चिकटू देऊ नका, मध्ये माउंट घाला, नाहीतर आपल्याकडच्या पावसाळ्यात कागद काचेला धरतो. आणि थेट ऊन येणारी भिंत टाळा, रंग उडतात.

एक काम शेवटचं. फ्रेम बंद करण्याआधी मागच्या बाजूला पेन्सिलने चित्रकाराचं नाव, चित्राचं नाव आणि मूळ चित्राचं साल माहीत असेल तर तेही लिहा. या चित्रांच्या असंख्य प्रती पुढे कोणाकोणाच्या कॅलेंडरवर आणि लेबलांवर गेल्या आणि बघणाऱ्याला चित्रकाराचं नाव ठाऊकच राहिलं नाही. तुमच्या घरातल्या प्रतीवर तरी ते असू दे.