जाताना पार्सलसारखा कोंडून नेला, येताना कुत्रीसोबत एकटा आला : मॉरिस फ्रँकची गोष्ट

बुलढाणा जिल्ह्यातल्या वरवट बकालमधल्या एखाद्या अंध माणसाला शेगावला जायचं असेल, तर एसटीच्या आधी त्याला सोबती शोधावा लागतो. मुलगा शेतातून आला किंवा नातवाची शाळा सुटली की मग निघायचं. अशा वेळी न दिसण्यापेक्षा वाट बघणंच जास्त टोचतं.

जवळपास शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरातला एक पोरगा याच वाट बघण्याला वैतागला होता. त्याचं नाव मॉरिस फ्रँक. आज अमेरिकेत अंध माणसं गाईड डॉग घेऊन हॉटेलात, रेल्वेत, ऑफिसात हक्काने जातात, त्यामागे या गड्याची मेहनत आहे.

मॉरिसचा जन्म १९०८ चा. सहा वर्षांचा असताना घोड्यावरून जाताना झाडाची फांदी लागली आणि एक डोळा गेला. सोळाव्या वर्षी बॉक्सिंग खेळताना दुसराही गेला. त्याची आईसुद्धा अंध होती. लहानपणी तोच तिला हात धरून न्यायचा. आता त्यालाच कुणाच्या तरी हाताची गरज होती.

तो कॉलेजला जायचा, विमा पॉलिसी विकायचा. पण फिरायला एक पोरगा पगारावर ठेवावा लागायचा. साधी कटिंग करायची तरी त्या पोराच्या सवडीने. न्हाव्याकडे एकदा बसवलं की तो परत येईपर्यंत तिथेच बसून राहायचं.

अशातच नोव्हेंबर १९२७ मध्ये वडिलांनी त्याला सॅटर्डे इव्हनिंग पोस्टमधला एक लेख वाचून दाखवला. लिहिणारी होती डोरोथी युस्टिस. ही अमेरिकन बाई स्वित्झर्लंडमध्ये जर्मन शेफर्ड जातीची कुत्री वाढवून त्यांना पोलिसांच्या आणि लष्कराच्या कामासाठी तयार करायची. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत १९१६ पासून वाट दाखवणारी कुत्री तयार होत होती. तिथलं एक केंद्र बघून तिने तो लेख लिहिला होता.

मॉरिसने लगेच तिला पत्र पाठवलं. मागणी एकच होती. मला असा कुत्रा द्या, मी इथे परत येऊन बाकीच्या अंधांसाठी शाळा काढतो.

एप्रिल १९२८ मध्ये तो निघाला. वय २०. अंध माणूस एकटा प्रवास करणार म्हटल्यावर जहाजावर त्याला अक्षरशः पार्सलसारखं वागवलं गेलं. ठरलेल्या वेळी डेकवर फिरवून आणायचं आणि परत केबिनमध्ये कोंडून ठेवायचं.

स्वित्झर्लंडमध्ये त्याला एक जर्मन शेफर्ड कुत्री मिळाली. नाव होतं किस. चारचौघांत हे नाव घेऊन हाक कशी मारायची? त्याने ते बदलून बडी केलं.

आता गाईड डॉग नेमकं काय करतो? तो जीपीएस नसतो. कुठे जायचं, कुठे वळायचं हे माणूस ठरवतो. कुत्रा रस्त्याच्या कडेला थांबतो, खड्डा चुकवतो, डोक्याला लागेल अशी फांदी टाळतो. त्याच्या पाठीवरच्या पट्ट्याला घट्ट हँडल असतं. कुत्र्याची प्रत्येक हालचाल त्यातून माणसाच्या हाताला कळते.

सगळ्यात अवघड धडा असतो तो ऐकायचं नाही हे शिकण्याचा. माणसाने पुढे चल म्हटलं आणि समोरून गाडी येत असेल, तर कुत्र्याने जागचं हलायचं नाही. आणि तो हलला नाही तर माणसाने त्याच्यावर विश्वास ठेवायचा. म्हणजे ट्रेनिंग दोघांचंही असतं.

सुरुवातीला मॉरिस बडीचं ऐकत नव्हता. आदळत, आपटत तो शिकला. मग एक दिवस बडीला घेऊन एकटाच न्हाव्याकडे गेला आणि कटिंग करून एकटाच परत आला.

११ जून १९२८ ला तो न्यूयॉर्कला उतरला. तिथल्या पत्रकारांना हे सगळं खरं वाटेना. त्यांनी त्याला वेस्ट स्ट्रीट ओलांडून दाखवायला सांगितलं. बंदराजवळचा हा रस्ता प्रचंड रुंद, वर ट्रक आणि गाड्यांचा गोंधळ. दिशेचा अंदाज सुटल्यावर मॉरिसने सगळा भार बडीवर टाकला. बडीने त्याला पलीकडे नेलं. त्याने युस्टिसला तार केली. मजकूर एका शब्दाचा, काम फत्ते झाल्याचं सांगणारा.

२९ जानेवारी १९२९ ला नॅशव्हिलमध्ये द सीइंग आय ही संस्था सुरू झाली. पुढे ती न्यू जर्सीला गेली. इथे तयार कुत्रा कुणाच्या हातात देऊन पाठवणी होत नाही. माणसाची चाल, उंची, स्वभाव बघून जोडी जुळवतात आणि मग दोघं काही आठवडे तिथेच राहून एकत्र शिकतात. १९३४ पासून पहिल्या कुत्र्यासाठी १५० डॉलर आणि त्यानंतरच्या प्रत्येकासाठी ५० डॉलर फी ठरली. खर्च याच्या कितीतरी पट असतो, तो देणग्यांतून भागतो. पण घेणाऱ्याला हे दान वाटू नये, म्हणून फी ठेवली.

कुत्री तयार झाली, पण दारं बंद होती. हॉटेल, रेस्टॉरंट, रेल्वे, सगळीकडे कुत्र्यांना मनाई. बडीला घेऊन मॉरिस देशभर फिरला, अधिकाऱ्यांशी भांडला. १९३५ पर्यंत तिथल्या रेल्वे कंपन्यांनी गाईड डॉगला मालकाजवळ बसू द्यायचं मान्य केलं. १९५६ पर्यंत प्रत्येक राज्यात तसे कायदे झाले.

बडी १९३८ मध्ये गेली. मॉरिसने त्यानंतरच्या आपल्या प्रत्येक कुत्र्याचं नाव बडीच ठेवलं. तो स्वतः १९८० मध्ये गेला.

आपल्याकडे गाईड डॉग आजही क्वचितच दिसतात. कुत्रा तयार करणं हे अर्धंच काम. चालायला धड रस्ता हवा, भटक्या कुत्र्यांचा त्रास नको आणि बसमध्ये चढू देणारा कंडक्टर हवा. सार्वजनिक ठिकाणी अडथळे नसावेत, असं २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो. तो रस्त्यावर उतरला, तर वरवट बकालच्या माणसालाही शेगावला जायला नातवाची शाळा सुटायची वाट बघावी लागणार नाही.