बहिष्कृत तत्त्वज्ञ बारूख स्पिनोझा

पोर्तुगालमधील धर्मछळातून निसटून आलेल्या ज्यू कुटुंबात, १६३२ साली अ‍ॅमस्टरडॅम येथे स्पिनोझाचा जन्म झाला. छळ सोसलेल्या त्याच समाजाने १६५६ मध्ये पाखंडी मतांसाठी या तेवीस वर्षांच्या तरुणाला बहिष्कृत केले. त्याच्याशी कोणी बोलू नये, एका छपराखाली राहू नये, चार हातांहून जवळ जाऊ नये, असे फर्मान निघाले. चार हातांचे हे अंतर आमच्या वाचकांना समजावून सांगावे लागणार नाही. भेद एवढाच, की त्याला विचारासाठी दूर केले, आपल्या पूर्वजांना जन्मासाठी.

भिंगे घासून तो निर्वाह करू लागला. १६७० मध्ये निनावी प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने धर्मग्रंथांची बुद्धीच्या कसोटीवर चिकित्सा केली आणि राज्यसंस्थेचे प्रयोजन भय नसून स्वातंत्र्य आहे, असे प्रतिपादन केले. चार वर्षांनी हॉलंडमध्ये त्यावर बंदी आली. हायडेलबर्गचे प्राध्यापकपद मात्र त्यानेच नाकारले. प्रस्थापित धर्माला धक्का न लावण्याची अपेक्षा त्यास जोडलेली होती.

१६७७ मध्ये द हेग येथे तो निवर्तला. लोकशाहीवरील त्याचे अखेरचे प्रकरण अपुरेच राहिले. आम्हांस खटकते ते हे, की जेवढे लिहून झाले, त्यात स्त्रिया आणि नोकर यांना त्याने मताधिकाराबाहेरच ठेवले आहे.