अंगणापर्यंत आलेली शाळा : ताराबाई मोडक

आपल्या जोयडा तालुक्यात डांबरी रस्ता सोडून वाड्यांकडे वळलं, की कुठेतरी एक छोटी इमारत लागते. भिंतीवर फळं-प्राण्यांची चित्रं असतात आणि दारावर कन्नडमध्ये पाटी. पण पाटीवरचा शब्द आपल्या ओळखीचा असतो : अंगणवाडी. हा शब्द सरकारी कचेरीत जन्मला असं पुष्कळांना वाटतं. त्याची मुळं मात्र तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीच्या किनाऱ्यावर आहेत, ताराबाई मोडक यांच्या कामात. यंदाच्या स्मरणिकेत त्यांची ओळख करून द्यावी असं वाटलं, त्याला हेही एक कारण आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरच्या त्या केळकर. घरात प्रार्थना समाजाचं वातावरण होतं, त्यामुळे मुलीला शिकवावं की नाही हा प्रश्न तिथे नव्हता. १९१४ साली त्या बी.ए. झाल्या. त्या काळात पदवीधर बाई म्हणजे लोकांनी वळून पाहावं अशी गोष्ट. पुढे अमरावतीचे वकील कृ. वि. मोडक यांच्याशी त्यांचं लग्न झालं. हा संसार फार काळ टिकला नाही. १९२१च्या सुमारास दोघं वेगळी झाली. कारणांची चर्चा करण्यात आता अर्थ नाही. लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच, की वयाच्या तिशीच्या उंबरठ्यावर एक बाई, पदरी लहान मुलगी घेऊन, स्वतःच्या पायावर उभी राहायला निघाली. नवऱ्यापासून वेगळं राहणाऱ्या बाईकडे आजही आपल्याकडे कसं पाहतात ते सांगायला नको, तर शंभर वर्षांपूर्वीची कल्पना करावी.

राजकोटला स्त्रियांसाठी बार्टन ट्रेनिंग कॉलेज होतं. तिथे त्यांना प्राचार्यपद मिळालं. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. पगार बरा होता, मान होता. सगळं मार्गी लागलं असं कोणीही म्हटलं असतं. पण शिक्षिका घडवण्याचं काम करताना त्या बालमानसशास्त्र वाचू लागल्या, मादाम माँटेसरींचे विचार वाचू लागल्या. शेजारच्या भावनगरात गिजुभाई बधेका लहान मुलांसाठी बालमंदिर चालवत होते, त्याचीही माहिती त्यांना मिळाली. ज्या बाईच्या घरात त्याच वयाचं मूल आहे, तिने हे सारं नुसतं अभ्यास म्हणून वाचलं असेल असं मला वाटत नाही.

गिजुभाईंची गोष्टही अशीच आहे. तेही मूळचे वकील. १९१३ साली मुलगा झाला, त्याला कसं वाढवावं याचा शोध घेताना माँटेसरींचं पुस्तक हाती आलं आणि वकिली सुटली. नानाभाई भट्टांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केलं. १९२३ साली ताराबाई प्राचार्यपद सोडून तिथे गेल्या. आई म्हणून एक आणि बाप म्हणून दुसरा, असे दोन पालक या कामात एकत्र आले असं म्हणायला हरकत नाही.

हा निर्णय सोपा नव्हता. मोठ्या हुद्द्यावरची बाई छोट्या मुलांच्या वर्गात जमिनीवर बसायला गेली. मुलांना मारायचं नाही, धाक दाखवायचा नाही, बक्षिसाची लालूच दाखवायची नाही. मूल हातांनी काय करतंय ते पाहत राहायचं. तिशी ओलांडल्यावर पुन्हा विद्यार्थी व्हायचं, आणि तेही गुजराती भाषेत! इथे आपल्या भागातल्या बायकांना ताराबाई जवळच्या वाटतील. घरात मराठी किंवा कोकणी आणि कामावर कन्नड, ही कसरत आपल्याकडे कितीतरी जणी करतात. ताराबाईंनी ती नऊ वर्षं केली. त्या गुजरातीत लिहू लागल्या, गिजुभाईंच्या जोडीने बालशिक्षिका तयार करू लागल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. शिक्षण पत्रिका आधी गुजरातीत निघाली, पुढे मराठीत; मराठी पत्रिकेचं संपादन ताराबाईंनी केलं. तिचा वाचक जितका शिक्षक, तितकाच पालक होता.

थोडं माँटेसरींविषयी सांगायला हवं. रोममध्ये १९०७ साली त्यांनी पहिलं बालगृह उघडलं ते कामकऱ्यांच्या चाळीत. आईबाप कामावर गेले की मुलं दिवसभर मोकाट, म्हणून ही सोय. पण स्वतः माँटेसरींना त्यांचा मुलगा मारिओ जवळ ठेवता आला नव्हता. तो लग्नाबाहेर जन्मलेला, म्हणून खेड्यातल्या एका कुटुंबाकडे वाढला आणि पंधराएक वर्षांचा झाल्यावर आईकडे आला. जगाला मूल समजावून सांगणाऱ्या बाईला समाजाच्या भीतीने आपलं मूल लपवावं लागलं. ताराबाईंची अडचण निराळी होती, पण काम आणि मूल यांतलं एक निवड, असं सांगणारा समाज दोन्हीकडे सारखाच.

१९३२च्या सुमारास ताराबाई मुंबईला परतल्या. १९३६ साली दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झालं. बालमंदिराबरोबर शिक्षिकांचं प्रशिक्षणही तिथे चाललं. मध्यमवर्गीय घरांत बालमंदिराला मान मिळाला. इथे थांबल्या असत्या तरी त्यांचं नाव राहिलं असतं. मात्र हे शिक्षण शहरातल्या चार पैसे असलेल्या घरांपुरतं उरतंय, ही टोचणी त्यांना होती. माँटेसरीची साधनं महाग, खेड्याला न परवडणारी. म्हणून १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. तेव्हा आपला सुपा तालुकाही त्याच मुंबई प्रांतात होता.

याच सुमारास अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा, वयाने ताराबाईंपेक्षा अठरा वर्षांनी लहान. दोघींनी मिळून जे केलं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली. मोजायला चिंचोके, रंग ओळखायला फुलं. तरीही वस्तीवरची गरीब मुलं केंद्रात येईनात. मग शिक्षिकाच वस्तीवर गेल्या, कोणाच्या तरी अंगणात बसल्या. आधी हात-पाय धुणं, नखं कापणं, केस विंचरणं आणि मग गाणी-गोष्टी. केंद्रात ठरल्या वेळी भरणारी ती मध्यवर्ती बालवाडी आणि मुलांच्या सवडीने त्यांच्या दारात भरणारी ती अंगण बालवाडी. आपल्या पाटीवरचा शब्द हा इथला.

दहाएक वर्षांनी काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेलं. तिथे वेगळाच पेच उभा राहिला. आई रानात किंवा मजुरीला जाणार, म्हणून सात-आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरी राहणार. ती शाळेत येणार कशी? मुलगा गुरांमागे जाणार, तो तरी कसा येणार? ताराबाईंनी आईबापांना दोष दिला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा त्यांनी एकाच जागी आणली. बाळ पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात! याला त्यांनी विकासवाडी म्हटलं. गुराख्यांसाठी कुरणशाळा काढली; गुरं चरतात तिथेच शिकवायचं. आपल्याकडच्या कुणबी आणि गवळी वाड्यांवरच्या जुन्या माणसांना हे वेगळं समजावून द्यायची गरज नाही. त्यांच्या लहानपणी कुरण होतं, गुरं होती, कडेवर भावंडही होतं. नव्हती ती शाळा.

मला यात एक धागा दिसतो. आई काम करत असताना मूल कुठे असेल, हा प्रश्न १९२१ साली ताराबाईंच्या स्वतःच्या घरात उभा होता. त्यांच्याजवळ पदवी होती, म्हणून वाट निघाली. कोसबाडच्या बाईजवळ काहीच नव्हतं.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, चवथीच्या सुमारासच, त्या गेल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द मराठी मुलूख ओलांडून देशभर, आपल्या कन्नड पाटीवरही गेला. त्यात काम करणाऱ्या सेविकेला अजूनही पगार नव्हे, मानधन मिळतं. यातल्या कित्येक जणी स्वतः लेकुरवाळ्या. घरचं आवरून, पोराला बोटाशी धरून दुसऱ्यांची पोरं सांभाळायला निघतात. कोसबाडचं काम ताराबाईंच्या मागे अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरीपर्यंत चालवलं.